‘बघायला तर चांगला दिसतो की!’ स्वमग्न लेकरू, चाळीस टक्क्यांचा कागद आणि नगरची एसटी

अहिल्यानगर : पोरगं तीन वर्षांचं. दिसायला गुटगुटीत, पळायला चपळ, हातापायाने धडधाकट. पण नावाने हाक मारली तर मागे वळून बघत नाही. खेळण्यातला ट्रॅक्टर दिला तर तो चालवत नाही, उलटा करून तासभर चाकच फिरवत बसतं. वर्षापूर्वी ‘आई’, ‘पाणी’, ‘भू’ असे चार-दोन शब्द बोलायचं, तेही बंद झाले. आजी म्हणते, याचा बापसुद्धा पाच वर्षांनी बोलला होता. शेजारीण म्हणते, मोबाईल फार दाखवला. भावकीतलं कोणीतरी देवऋषाचा पत्ता देतं. आणि आई रात्री सगळे झोपले की यूट्यूबवर शोधत बसते, ‘मुलगा बोलत नाही काय करावे’.

ही कोण्या एका घराची गोष्ट नाही. शेवगाव-पाथर्डीच्या वस्त्यांवर, अकोल्याच्या डोंगरात, राहात्याच्या दूधपट्ट्यात, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालू असतं. या अवस्थेला ऑटिझम म्हणतात, सरकारी कागदावरचा मराठी शब्द आहे स्वमग्नता. गावात मात्र यासाठी शब्दच नाही. ‘येडं’, ‘मुकं’, ‘लाडावलेलं’ यापैकी काहीतरी एक चिकटवलं जातं आणि तिथंच विषय संपतो.

२०२५ मध्ये राज्यात दिव्यांगांच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा संबंध या घरांशी आहे. पहिली, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं महिन्याचं अनुदान पंधराशेवरून अडीच हजार झालं. दुसरी, बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांवर सरकारने बडगा उगारला आणि सरकारी नोकरीतल्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. आपल्या जिल्ह्याला हा दुसरा विषय नवीन नाही. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचं प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा नगरचं नाव रोज टीव्हीवर होतं. लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली, केंद्राने सेवेतून मुक्त केलं, पुढचा वाद कोर्टात गेला. खोटा दाखला काढणाऱ्याला धडा मिळालाच पाहिजे, त्यात दुमत असायचं कारण नाही. पण अशा प्रकरणांनंतर लोकांच्या नजरेत जो संशय येतो, तो पहिला जाऊन बसतो कोणावर? ज्याचं अपंगत्व डोळ्याला दिसत नाही त्याच्यावर. पाय नसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, ‘खरंच नाही का?’ स्वमग्न लेकराच्या आईला मात्र एसटीच्या कंडक्टरपासून तलाठी ऑफिसपर्यंत एकच वाक्य ऐकावं लागतं : बघायला तर चांगला दिसतो की!

आजार नाही, भूतबाधा तर नाहीच

स्वमग्नता म्हणजे मेंदूची वाढ होतानाच झालेला वेगळेपणा. तो जन्मापासून असतो, लक्षात येतो साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईने गरोदरपणात ग्रहण पाहिलं, लस टोचली, नजर लागली, यातलं कशानेही तो होत नाही. लसीचा आणि ऑटिझमचा संबंध जगभर तपासून झालाय, तो सापडलेला नाही. मोबाईलचं थोडं वेगळं आहे. मोबाईलने स्वमग्नता होत नाही, पण जे लेकरू आधीच माणसांकडे कमी बघतं, त्याच्या हातात दिवसभर स्क्रीन दिली तर बोलणं शिकायची उरलीसुरली संधीही जाते. म्हणून मोबाईल कमी करायचा, पण ‘तूच मोबाईल देऊन पोराचं वाटोळं केलंस’ असं सुनेला म्हणायचं कारण नाही. तिने तो दिला कारण पोरगं चार तास रडायचं थांबत नव्हतं आणि गोठ्यात म्हशी वाट बघत होत्या.

किती मुलं असतील अशी? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. जगाचा दर जसाच्या तसा लावला तर लहानमोठे मिळून आकडा पस्तीस हजारांच्या घरात जातो. हा नुसता गुणाकार आहे, मोजणी नव्हे. मोजणी झालेलीच नाही, कारण २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे जे रकाने होते त्यात ऑटिझम नव्हता. तेव्हाच्या, म्हणजे १९९५ च्या अपंग कायद्यातही तो नव्हता. तो कायद्यात नीट आला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. आधीचे सात प्रकार होते त्यांचे एकवीस झाले, आणि एप्रिल २०१७ पासून हा कायदा लागू आहे. म्हणजे आज पंचवीस-तीस वर्षांचा जो तरुण गावात ‘येडा’ म्हणून फिरतोय, त्याच्या लहानपणी त्याच्या अवस्थेला या कायद्यात नावच नव्हतं.

एक गोष्ट अजून. बऱ्याच मुलांत स्वमग्नता एकटी येत नाही. कोणाला फिट येतात, कोणाची बुद्धीची वाढ मंद असते, कोणाला झोप नाही, कोणी भात आणि बिस्किट सोडून तिसरं काही तोंडात घेत नाही. कोणाला कुकरच्या शिट्टीने कानावर हात ठेवून किंचाळायला होतं, मग लग्नातला डीजे आणि गणपतीतले फटाके काय करत असतील ते समजून घ्यावं. आणि काही मुलं खरोखर ऐकू येत नाही म्हणून हाकेला ओ देत नाहीत. त्यामुळे न बोलणाऱ्या लेकराची सगळ्यात पहिली तपासणी कानाची, हे घरोघरी माहीत व्हायला हवं. वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून काही मागत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, किंवा बोलत होतं ते थांबलं, यातलं काहीही दिसलं तर ‘बोलंल उशिरा’ म्हणून वर्ष घालवू नये. बाप पाच वर्षांनी बोलला असेलही, पण तो हाकेला वळत होता का, हे आजीला नीट आठवून विचारावं.

चाळीस प्रश्न, चाळीस टक्के

निदान झालं की पुढची लढाई कागदाची. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असल्याचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड हातात नसेल तर बहुतेक योजनांची दारं बंद. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, गावातल्या ई-सेवा केंद्रातून भरता येतो. त्यानंतर तपासणीसाठी बोर्डासमोर जावं लागतं.

ऑटिझम मोजण्यासाठी भारतात जी फूटपट्टी वापरतात ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. तिला ‘इसा’ म्हणतात. यात चाळीस मुद्दे आहेत : नजरेला नजर देतो का, एकटाच रमतो का, तेच तेच शब्द बोलतो का, धोका कळतो का, दुखलं-खुपलं तरी रडत नाही असं होतं का. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. बेरीज सत्तर किंवा वर गेली तर स्वमग्नता मानतात. गुण जितके जास्त तितकी अडचण मोठी.

पद्धत वाईट नाही. अडचण आहे ती लेकरू बोर्डासमोर पोचतं कसं यात. अकोल्याच्या पश्चिमेकडच्या गावातून जिल्ह्याचं ठिकाण सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, जामखेडहून पाऊणशेच्या आसपास. पहाटे चारला उठवलेलं, दोन गाड्या बदललेलं, रांगेत तीन तास बसलेलं मूल डॉक्टरांसमोर जातं तेव्हा एकतर जमिनीवर लोळून आकांत करत असतं, नाहीतर आईच्या खांद्यावर गाढ झोपलेलं असतं. दोन्ही वेळा खरं चित्र दिसत नाही. तपासणाऱ्याला दहा-वीस मिनिटांत जे दिसलं त्यावर गुण पडतात. आणि हवा तर संशयाची आहे.

यावर एक उपाय खिशातच आहे. घरी मूल कसं वागतं, जेवताना, आंघोळीला, इतर पोरांत सोडल्यावर, हाक मारल्यावर, याचे मिनिट-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवायचे. महिन्या-दोन महिन्यांचे वेगवेगळे. सोबत कानाच्या तपासणीचा रिपोर्ट, जन्माच्या वेळची कागदं, अंगणवाडीत सेविकेने काही नोंद केली असेल तर ती. पाच मिनिटं सांगून जे पटत नाही ते अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओने पटतं.

लहान मुलांना बहुतेकदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर मुदत लिहिलेली असते. ती तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायची गोष्ट आहे, कारण मुदत संपली की सवलत थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या सुरू होतात. वाढत्या वयात मूल बदलतं म्हणून फेरतपासणी हवी, हे समजण्यासारखं आहे. पण आयुष्यभर राहणाऱ्या अवस्थेसाठी आईबापाने दर काही वर्षांनी ‘आमचं पोर अजून तसंच आहे’ हे सिद्ध करायला रोजगार बुडवून जायचं, हा नियम ज्यांनी केला त्यांनी एकदा लेकरू घेऊन लाल गाडीने प्रवास करून बघायला हवा.

अडीच हजारांत काय होतं

आता पैशाचं. संजय गांधी योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट पन्नास हजारांची आहे. म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेच्या आत. आज ज्या घरात एक माणूस रोजंदारीला जातो आणि दारात दोन गाया आहेत त्या घराचं खरं उत्पन्न यापेक्षा जास्तच असतं. मग एकतर घर योजनेबाहेर राहतं, नाहीतर उत्पन्नाच्या दाखल्यावर खरं-खोटं सुरू होतं. खोट्या प्रमाणपत्रांवर कारवाई करणाऱ्या सरकारने ही मर्यादाही कधीतरी आजच्या भावात आणायला पाहिजे. ती खऱ्या लोकांना खोटं बोलायला लावते.

खर्च कुठे होतो ते बघा. स्वमग्नतेवर औषध नाही. फिट, झोप, अतिचंचलपणा यांवर गोळ्या असतात, पण बोलणं, बसणं, स्वतःच्या हाताने जेवणं, शी-शू सांगणं हे सगळं थेरपीने, म्हणजे सरावाने येतं. स्पीच थेरपिस्ट म्हणतात, आठवड्यातून दोनदा आणा. एसटीत आईला अर्धं तिकीट, पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, पुढे दिव्यांग कार्डावर ७५ टक्के सवलत. तिकिटाचं एकवेळ भागतं. पण जाणं-येणं मिळून अख्खा दिवस जातो. त्या दिवशीची खुरपणी गेली, सकाळ-संध्याकाळची धार दुसऱ्याने काढायची, धाकटं असेल तर ते कोणाकडे ठेवायचं. म्हणून दोन-तीन महिने हौसेने होतं आणि मग ‘फरक पडत नाही’ म्हणून बंद पडतं. फरक पडत नाही असं नसतं, घर दमलेलं असतं.

थेरपीच्या बिलासाठी केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नावाची विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि त्यात बाह्यरुग्ण तपासणी व थेरपीही धरली जाते. वर्गणी काही शेकड्यांत आहे. खर्च आधी खिशातून करायचा आणि बिलं लावून परत मिळवायचा, अशी रीत असल्यामुळे थेरपिस्टकडून शिक्क्याचं पक्कं बिल मागणं गरजेचं. चिठ्ठीवर लिहिलेली रक्कम चालत नाही. ही योजना १९९९ च्या कायद्याखालची आहे, तरी गावोगावच्या पालकांपर्यंत तिचं नाव पोचलेलं नाही. घरकुल आणि लाडकी बहीणचे फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दिसतात, हिचा दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला जे विकलं जातं त्याची जाहिरात मात्र घरपोच येते. ‘ऑटिझम मुळापासून बरा’, ‘तीन महिन्यांत बोलायला लागेल’, स्टेम सेलची इंजेक्शनं, पुड्या, यंत्रं. स्टेम सेलच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमवर उपचार म्हणून ते देण्याची शिफारस करता येत नाही. लाखोंची गोष्ट असते. गुंठा-दोन गुंठे विकून कोणी त्या वाटेला जात असेल तर पाहुण्यारावळ्यांनी त्याला थांबवावं.

अंगणवाडीच्या दारात येणारी गाडी

आता जे फुकट आहे आणि जवळ आहे त्याकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्याच राज्यात, पालघरला. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स अशी टीम गाडी घेऊन फिरते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हावी असा नियम आहे. तपासायच्या तीस गोष्टींत हृदयाचं छिद्र, फाटका ओठ, दात, रक्त यांच्यासोबत बोलण्यातला उशीर आणि ऑटिझमही आहे. मुलामध्ये काही आढळलं तर जिल्हा पातळीवरच्या लवकर उपचार केंद्रात, ज्याला डीईआयसी म्हणतात, तिथे मोफत पाठवायचं. त्या केंद्राच्या आराखड्यात बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक अशी माणसं धरलेली आहेत.

कागदावर हे फार चांगलं आहे. अडतं कुठे? टीमकडे एका अंगणवाडीसाठी अर्धा दिवस. वजन-उंची, जंत, दात, डोळे करता करता वेळ जातो. आणि जे लेकरू गर्दीला घाबरतं ते त्या दिवशी अंगणवाडीत आणलेलंच नसतं. ‘लई रडतंय, राहू द्या’ म्हणून आई घरी ठेवते. म्हणजे ज्याला तपासायचं तेच हजेरीपटावर गैरहजर. दुसरं गणित असं की आराखड्यात वाचातज्ज्ञ एक आणि जिल्ह्यात तालुके चौदा, क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा जिल्हा. तो एक माणूस रोज आठ तास काम करूनही किती लेकरांना आठवड्यातून दोनदा बघणार? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी तज्ज्ञ आला, तर आईची वाट पाऊणशे किलोमीटरवरून पंधरावर येते. हे ठरवायला नवीन कायदा लागत नाही.

अंगणवाडी सेविकेवर केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी एक जबाबदारी टाकली. दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धती आली : लवकर ओळखा, अंगणवाडीत सामावून घ्या, घरी जाऊन पालकांना मार्गदर्शन करा, पुढे पाठवा. हेतू उत्तमच. पण त्याच सेविकेला पोषण ट्रॅकर भरायचाय, पोषण आहारासाठी चेहरा जुळवायचाय, रेंज नसली तर टेकडीवर जाऊन फोटो अपलोड करायचाय. तिला चार दिवसांचं चांगलं प्रशिक्षण आणि एक नोंदवही कमी द्या, ती हे काम शहरातल्या कोणाहूनही चांगलं करील, कारण तिला ते घर माहीत आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर वेगळंच. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जतकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात ती पाडव्याच्या सुमाराला परततात. अंगणवाडीच्या दोन तपासण्यांपैकी एक तिथेच हुकते. स्वमग्न लेकराचा सगळा जीव रोजच्या ठरलेल्या क्रमावर असतो : तीच वाटी, तीच जागा, तीच वेळ. त्याला एका रात्रीत उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फडावर नेलं, कोपीत ठेवलं, पहाटे आईबाप कोयता घेऊन गेले, की ते जे जमवलेलं असतं ते पार विस्कटतं. मागे आजीजवळ ठेवावं तर आजी थकलेली.

विहीर, शेततळं आणि बिबट्या

शहरातल्या पालकांसाठीच्या पुस्तकांत जे सापडत नाही ते इथलं सगळ्यात मोठं भय आहे. अशी बरीच मुलं संधी मिळाली की निघून जातात, रस्ता धरतात, आणि अनेकांना पाण्याची फार ओढ असते. हाक मारली तर ओ देत नाहीत. आपल्याकडे वस्तीच्या दारात विहीर असते, कठडा असतोच असं नाही. गेल्या काही वर्षांत शेततळी झाली. त्यांच्या प्लास्टिकच्या कागदावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कालवे आहेत. आणि संगमनेर, राहुरी, कोपरगावच्या उसात बिबट्या आहे, तो काय कोणाला सांगून येत नाही.

अशा घराला पहिली गरज समुपदेशनाची नाही, कुंपणाची आहे. शेततळ्याला जाळी, आत सोडलेला दोर आणि टायर, विहिरीवर जाळीचं झाकण, फाटकाला लेकराच्या हाताला न येणारी कडी. मुलाच्या गळ्यात किंवा शर्टाच्या आत फोन नंबर लिहिलेली पट्टी. आजूबाजूच्या चार वस्त्यांना, किराणा दुकानदाराला, शाळेच्या मास्तरांना लेकराचा फोटो दाखवून ‘हा एकटा दिसला तर धरून ठेवा, मारू नका, फोन करा’ एवढं सांगून ठेवलेलं असलं तरी खूप होतं. झाकायची गोष्ट म्हणून घरं हे सांगत नाहीत. मोठ्या बहिणीचं लग्न जमायचं असतं, ‘त्या घरात तसलं पोर आहे’ ही बातमी पसरू नये म्हणून लेकराला आतल्या खोलीत ठेवतात. तिथे ते आणखी बिघडतं.

या कामाला पैसा कुठून? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च केला पाहिजे, असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी मार्च आला की तो निधी आठवतो आणि दोन-दोन हजार वाटून किंवा एखादी वस्तू देऊन फोटो काढला जातो. वाटायला हरकत नाही, पण यादीत कोण असतं ते बघावं. गावातल्या चार मोठ्या माणसांची नावं असतात, तीन वर्षांच्या न बोलणाऱ्या पोराचं नसतं, कारण त्याच्याकडे अजून कार्डच नाही. ग्रामसभेत या पाच टक्क्यांचा हिशोब मागता येतो. मागायचा.

शाळेत घेणार का?

सहा वर्षं झाली की हा प्रश्न येतो. कायदा स्पष्ट आहे. चाळीस टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांना हवी असेल तर विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे शाळेने सांगायचं कारण नाही. खासगी शाळेतल्या आरटीईच्या पंचवीस टक्के जागांतही दिव्यांग मूल वंचित गटात येतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि फारच तीव्र अडचण असेल तर २०१२ च्या दुरुस्तीने घरी राहून शिकायचा पर्यायही दिलाय.

पण प्रवेश मिळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना एक पोर सारखं उठून पळत असेल तर त्यांनी काय करावं? यासाठी विशेष शिक्षक हवेत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की विशेष शिक्षकांची पदं मंजूर करा, प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक या हिशोबाने. महाराष्ट्राने त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये ४,८६० पदं निर्माण केली, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना यातून कायम व्हायची वाट मिळाली, हे चांगलं झालं. तरी एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात. एक शिक्षक एका शाळेत पंधरवड्यातून एखादा दिवस पोचला तर ते नशीब. न्यायालयाचा हिशोब मुलांवर आहे, शासनाचा केंद्रावर. हे दोन आकडे जुळायचे असतील तर आधी मुलं मोजावी लागतील, आणि मोजणीचं काय झालंय ते वर आलंच आहे.

जामखेडने जे दाखवलं होतं

मग गावातल्या आईने काय नगरच्या गाडीची वाटच बघत बसायची? याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले तेव्हा खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळत नव्हते. त्यांनी फारशा न शिकलेल्या बायांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. बाळंतपण, जुलाब, लहान मुलांची वाढ या गोष्टी त्या बायांनी सांभाळल्या आणि जग ते बघायला जामखेडला आलं. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं सूत्र साधं होतं : जे काम रोज घरात व्हायला हवं ते घराजवळच्या माणसाला शिकवा.

स्वमग्नतेची थेरपी हे तसंच रोजचं काम आहे. गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत याची नीट परीक्षा झाली, २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ६५ मुलं होती. घरी जाणाऱ्या कार्यकर्त्या तज्ज्ञ नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या बाया होत्या. त्या आई-मुलाच्या खेळाचा छोटा व्हिडिओ काढायच्या आणि आईलाच दाखवायच्या : इथे बघा, तो तुमच्याकडे बघत होता आणि तुम्ही दुसरीकडे वळलात. आईबापाचं वागणं बदललं आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. ऑटिझम बरा झाला असा दावा त्यांनी केला नाही, तो कोणीच करू नये.

हे घरी दिसतं कसं? लेकराच्या समोर, त्याच्या उंचीला, जमिनीवर बसायचं. ते चाक फिरवत असेल तर हिसकावून घ्यायचं नाही, आपणही दुसरं चाक फिरवायचं. ते वर बघेपर्यंत थांबायचं. मोठी वाक्यं नकोत. दूध हवंय हे कळलं तरी लगेच तोंडाला लावायचं नाही. पेला समोर धरायचा, ‘दूध’ म्हणायचं आणि मनातल्या मनात दहा मोजायचे. बोट लावलं, आवाज केला, नुसतं बघितलं तरी द्यायचं. पुढे काय होणार ते आधी दाखवायचं. बाहेर जायचंय तर चप्पल हातात द्यायची, आंघोळ तर तांब्या. मोबाईलमध्ये गाय, गोठा, शाळा, आजीचं घर यांचे फोटो ठेवले तर न बोलणारं लेकरू बोट ठेवून सांगू शकतं. आणि आकांत सुरू झाला की चापट मारायची नाही. तो बहुतेकदा हट्ट नसतो, आवाज, उजेड, गर्दी सहन न झाल्याने झालेला स्फोट असतो. शांत कोपऱ्यात न्यायचं, बोलणं बंद करायचं, ओसरू द्यायचं.

दिवसातून पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा. आईनेच असं नाही. गावात अजून बाप या कामात दिसत नाही, डॉक्टरकडे आणायला आणि चहा घ्यायला तो येतो, जमिनीवर बसायला येत नाही. आजोबांना वेळ असतो, त्यांना शिकवलं तर ते करतात.

पालकांच्या मनातला शेवटचा प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही. आम्ही आहोत तोवर ठीक, मागं याचं कोण बघणार? जमीन भावाच्या नावावर करावी तर भावजय कशी निघेल, याच्या नावावर करावी तर सही कोण करणार. त्यासाठीही व्यवस्था आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून त्याचा कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्या पालकाला मालमत्तेचा हिशोब द्यावा लागतो, आणि तो नीट वागला नाही तर समितीकडे तक्रार करून त्याला बदलता येतं. अर्जासाठी वकील लावायची सक्ती नाही. तीन वर्षांच्या लेकराच्या आईला हे फार लांबचं वाटेल. तिला उद्या सकाळी अंगणवाडीत जाऊन आरबीएसकेची गाडी कोणत्या तारखेला येणार ते विचारायचंय, आणि त्या दिवशी पोरगं कितीही रडलं तरी घरी ठेवायचं नाहीये.